पाइपातली पिवळी दोरी

काकूंच्या घरात आलेली दोरी पुन्हा बाहेर जात नाही. खोक्यावरची सुतळी असो, पुड्याचा पांढरा दोरा असो, नाहीतर नव्या शर्टाच्या लेबलाला लटकणारा वीतभर गोफ असो. एकदा का ती उंबरठा ओलांडून आत आली, की काकू नखांनी तिची गाठ सोडवणार, मांडीवर ताणून तिला सरळ करणार, चार बोटांवर गुंडाळणार आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या खणात टाकणार. गाठीला कात्री लावायची नाही. कात्री लावणारा माणूस एकतर आळशी असतो नाहीतर उधळ्या, आणि काका दोन्ही आहेत, असं काकूंचं ठाम मत होतं.

त्या खणात पुड्यांच्या दोऱ्याचा एक गुंडा होता. लग्न झालं तेव्हा लिंबाएवढा असणार, आता चांगला नारळाएवढा झाला होता. तुकड्याला तुकडा जोडत काकूंनी तो वाढवला होता आणि गाठी इतक्या बारीक, की बोट फिरवलं तरी लागत नसत. काका खण उघडायचे ते बॅटरीचे सेल शोधायला, आणि गुंडा हाताला लागला की दर वेळी म्हणायचे, "याचं काय लोणचं घालणार आहेस?"

"पडेल कधीतरी उपयोगी," काकू म्हणायच्या. "तुमच्यासारखं नाही."

आता हा काही म्हातारपणी जडलेला नाद नव्हे. काकूंनी सगळी नोकरी काचसामानाच्या एका मोठ्या दुकानात पार्सलं बांधण्यात काढली. पेले, बरण्या, दिव्यांच्या चिमण्या, सगळं कागदात आणि भुशात बसवायचं आणि वरून दोरी आवळायची. काकूंनी बांधलेलं खोकं जिन्यावरून गडगडत गेलं तरी आतला पेला फुटत नाही, अशी ख्याती होती. फक्त एक गोष्ट होती. हात चालले की काकूंचं तोंडही चालायचं, आणि हात आधी थांबायचे. गिऱ्हाईक बिचारं खोकं काखेत धरून काउंटरपाशी ताटकळत उभं, कारण काकूंचं वाक्य संपलेलं नसायचं.

काकूंपुढे बोलायची हिंमत करणारं माणूस जगात एकच, ती त्यांची थोरली बहीण. ताई. तिनेही लहानपणापासून हिंमत केली, पण यश कधी आलं नाही.

ताई दुसऱ्या गावात, मुलगा आणि सून यांच्याकडे राहायची. अलीकडे तिचं विसरणं फार वाढलं होतं. सुनेला ती "बाई, तुम्ही कुणाच्या?" असं विचारायची, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायची. पण काकूंच्या घरच्या फोनचा नंबर तिच्या बोटांत बसला होता. डोक्यात नव्हे हं, बोटांत. विचारला तर सांगता यायचा नाही, पण बटणांवर बोट ठेवलं की आपोआप लागायचा. रोज दुपारच्या चहाच्या सुमाराला काकूंच्या बैठकीतला फोन वाजायचा, आणि ताईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"तू बाजारात हरवली होतीस, आठवतं?"

"माहितीये गं! आणि चपलांच्या दुकानात सापडले, स्टुलावर बसून खडीसाखर खात होते, माहितीये," काकू एका दमात संपवायच्या. "बरं ते जाऊ दे, आज काय झालं ऐक." मग नळाला पाणी कसं आलं नाही, काका दुकानातून साबणाऐवजी सोडा कसे घेऊन आले, इथपर्यंत सगळं सांगून व्हायचं. ताई तिकडून "हो का, हो का" करायची आणि फोन ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजार, पुन्हा चपलांचं दुकान.

फोनची तार रस्त्यापलीकडच्या खांबावरून यायची. शेजाऱ्यांच्या फाटकावरून, काकांच्या लिंबाच्या झाडातून वाट काढत ती छपराच्या कोपऱ्यावर टेकायची, आणि तिच्याच अंगाला केबलची काळी वायर गुंडाळलेली होती. जरा वारा सुटला की तार तुटलीच म्हणून समजा. वारा नसला तर गाद्या लादलेला एखादा ट्रक यायचा आणि तिला ओढून न्यायचा. ट्रक नसला तर शेजारीणबाई त्या तारेवर पुसायचं फडकं वाळत घालायच्या. तारेचं नशीबच फुटकं.

एकदा अशीच तार तुटलेली असताना ताईने फोन लावला. रिंग वाजतेय, उचलत कोणी नाही. ताईने लावला, ठेवला, पुन्हा लावला, आणि मग रिसीव्हर मांडीवर घेऊन रडायलाच लागली. "गेली हो माझी धाकटी. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही." जेवणाचं ताट परत पाठवलं. सुनेने घाबरून काकांच्या मोबाइलवर फोन केला आणि काकू त्यावर ओरडून ओरडून बोलल्या, "अगं ताई, मी आहे! धडधाकट आहे!" तर ताई अगदी सभ्यपणे म्हणाली, "बाई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण जरा फोन ठेवता का? मला माझ्या बहिणीला लावायचाय."

तिने स्वतःच्या बोटांनी लावलेला नंबर, आणि त्यावर आलेला आवाज, तीच तिची बहीण. बाकी सगळे परके.

काकूंनी मोबाइल काकांच्या हातात दिला आणि डोळ्यांना पदर लावला. काकूंच्या डोळ्यांत पाणी म्हणजे काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते रडणं फार वेळ टिकलं नाही. काकूंनी नाक पुसलं आणि घोषणा केली. "बस झालं. ही तार आता जमिनीखालून आणायची. वारा नको, ट्रक नको आणि त्या भवानीचं फडकं नको. माझा फोन पुन्हा बंद पडता कामा नये."

"अंगण खणायचं?" काका दचकले. लिंबाच्या झाडावर त्यांचा भारी जीव. "मुळं तुटतील. मोबाइल आहे ना घरात?"

"तो ताईच्या बोटांत बसवून द्या, मग नको मला खणायला."

काका मूग गिळून बसले. पण त्याच आठवड्यात मॅच ऐन रंगात आलेली असताना वारा सुटला आणि टीव्हीच्या पडद्यावर नुसत्या मुंग्या. कोण जिंकलं ते काकांना दुसऱ्या दिवशी पेपरात वाचावं लागलं. त्या दिवशी ते स्वतःच फावडं शोधायला लागले. "मी काय म्हणतो, फोनबरोबर केबलही खालूनच घेऊ या. खणणारच आहोत तर."

"बघा, कशी अक्कल आली," काकू म्हणाल्या.

मग पाइप आणायला जोडीने दुकानात गेले. बरोबर प्लंबर होता. या प्लंबरचं एक होतं, तो काम चांगलं करायचा पण कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर एकच. "टेन्शन घेऊ नका." दुकानदाराने काउंटरवर तीन तऱ्हेचे तुकडे मांडले. लोखंडाचा, राखाडी रंगाचा कडक प्लॅस्टिकचा, आणि वेटोळं करून ठेवलेला काळा लवचिक.

काकांनी सगळ्यात बारीक राखाडी तुकडा उचलला. "हा पुरे. तार केवढी ती! करंगळीएवढीसुद्धा नाही."

"खोकं वस्तूच्या मापाचं घेत नाहीत," काकू म्हणाल्या, "हात आत जाईल एवढं घेतात. मी काय जन्मभर भाजी विकली? उद्या तिसरी वायर घालायची झाली तर पुन्हा अंगण खणणार का?"

"तिसरी कशाला लागेल?"

"दुसरी लागेल असं तरी कुठे वाटलं होतं तुम्हाला, मॅच बुडेपर्यंत?"

दुकानदार गालात हसला आणि जाड राखाडी पाइप पुढे सरकवला. लोखंड ओलीत गंजतं, काळा पाइप मातीच्या भाराने दबतो, हा सरळ राहतो, असं त्याने समजावलं. वळणाला काटकोनी जोड लावू नका, लांब बाकदार वळण घ्या, नाहीतर वायर अडकते, हेही सांगितलं. विजेची वायर मात्र यातून न्यायची नाही. काकूंनी प्रत्येक वाक्य तो संपवायच्या आधीच संपवलं आणि शेवटी त्यालाच विचारलं, "कळलं ना?"

"टेन्शन घेऊ नका," प्लंबर म्हणाला.

अंगण खणलं गेलं. चर फाटकापासून सरळ भिंतीपर्यंत जायचा, पण मधे काकांचं लिंबू. काका झाडापुढे हात पसरून उभे राहिले. काकू म्हणाल्या, "झाड काय, दोन मुळं तुटली तर मरतंय का?" काका म्हणाले, "तुझ्या गुंड्याचा दोन हात दोरा कापू?" काकू गप्प. म्हणजे काकूंच्या मानाने गप्प. चर झाडाला वळसा घालून गेला आणि एकाच्या जागी तीन बाकदार वळणं आली.

पाइप बसला. फाटकापाशी एक टोक, बैठकीच्या भिंतीतून बाहेर डोकावणारं दुसरं टोक. आणि जोडता जोडता प्लंबरने आतून एक पिवळी नायलॉनची दोरी घातली, दोन्ही टोकं बाहेर ठेवून. फोनवाला आला की वायर या दोरीला बांधणार आणि पलीकडून ओढून घेणार. ती दोरी नसेल तर वायर आत ढकलून ढकलून मेलात तरी पलीकडे निघायची नाही.

प्लंबर हे सांगायला घरात आला तेव्हा काकू फोनवर होत्या. ताईचा बाजार नुकताच काकूंनी संपवला होता आणि चराची हकिगत सुरू होती. प्लंबरने दोनदा "काकू" म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा त्याने मोर्चा काकांकडे वळवला. काका टीव्हीसमोर, डोळे चेंडूवर.

"काका, ती पिवळी दोरी आहे तशीच राहू द्या हं. कोणी हात लावू नका. काकूंना सांगा."

"हो हो," काका म्हणाले, "सांगतो. अरे अरे अरे, सोडला कॅच!"

झालं. प्लंबर गेला, माती लोटली गेली, वर फरशा बसल्या, सिमेंट वाळलं. अंगण असं दिसायला लागलं की इथे कधी काही खणलं होतं हे सांगून खरं वाटू नये.

दोन दिवसांनी काकू बैठक झाडत होत्या. भिंतीच्या खालच्या बाजूला पाइपाचं तोंड, आणि त्यातून वीतभर पिवळी दोरी लोंबतेय. काकूंचे हात जागच्या जागी थांबले. लोंबणारी दोरी! आपल्या घरात! मेल्याने काम संपल्यावर उचलायची नाही का? त्यांनी टोक धरलं आणि जरा ओढलं. दोरी आली. आणखी ओढली, आणखी आली. अहो, काय दोरी ती! चकचकीत, मजबूत, कुठे सांधा नाही. काकू तिथेच फतकल मारून बसल्या आणि ओढत राहिल्या. जितकी दोरी बाहेर येत होती तितका काकूंचा चेहरा उजळत होता. शेवटचं टोक सळकन बाहेर आलं तेव्हा त्या स्वतःशीच म्हणाल्या, "एवढी दोरी फुकट घालवतात ही माणसं."

गुंडाळून ती खणात ठेवायची होती, पण वाळत घालायची जुनी दोरी नेमकी झिजली होती. तेव्हा मागच्या दारापासून न्हाणीच्या खिडकीपर्यंत पिवळी दोरी ताणून बांधली गेली, जाऊन येऊन दुहेरी, आणि उरलेलं टोक खिळ्याला नीट गुंडाळून ठेवलं. काकांचे शर्ट तिच्यावर ऐटीत डुलायला लागले. काकांनी ते पाहिलंसुद्धा. म्हणाले, "छान आहे गं दोरी." त्यांच्या डोक्यात काहीतरी किंचित हललं असावं, पण ते बाहेर यायच्या आत मॅच सुरू झाली.

मग फोनवाला आला. फोन आणि केबल दोन्हीचं तोच बघायचा. उंच, संथ माणूस, खांद्यावर वायरचं वेटोळं. त्याने फाटकापासून भिंतीपर्यंत एक नजर टाकली आणि म्हणाला, "आधी खालून नवीन वायर घेऊ, मग वरची तोडू."

"अहो, ती अवदसा आधी खाली उतरवा!" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं डोक्यावर बसलीय माझ्या. आधी ती खाली, मग पुढचं."

"नवीन सुरू झाल्यावर तोडलेली बरी."

"पाइप घातलाय ना? जाड घातलाय. मी निवडलाय. चढा वर!"

काकूंशी वाद घालण्यापेक्षा शिडी चढणं सोपं, हे त्याला एका मिनिटात कळलं. तार खाली आली. काकूंनी ती हातात घेऊन तिला दोन शिव्या हासडल्या आणि शेजारीणबाईंचं फडकं फाटकावरून पलीकडे भिरकावलं.

फोनवाला भिंतीपाशी बसला, पाइपाच्या तोंडात बोट घातलं, मग टॉर्च मारला. "दोरी कुठाय?"

"कसली दोरी?"

"ओढायची. आत ठेवलेली असते. बहुतेक पिवळी असते."

"ठेवलीच नसणार त्याने!" काकू कडाडल्या. "बघितलंत? टेन्शन घेऊ नका म्हणे! येऊ दे त्याला." आणि काकांच्या मोबाइलवरून त्यांनी प्लंबरची अशी बिनपाण्याने केली, की पलीकडून "काकू, अहो काकू" एवढंच अधूनमधून ऐकू येत होतं. काका सोफ्यावर बसून कधी नव्हे ते टीव्ही बंद असताना टीव्हीकडे बघत होते. त्यांच्या डोक्यात हललेलं ते काहीतरी आता पूर्ण बाहेर आलं होतं. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

प्लंबर धापा टाकत आला. बिचारा रडवेला झाला होता. "काकू, मी स्वतः घातली. या हातांनी. पिवळी, नवी कोरी, पाइपापेक्षा चांगली लांब. काकांना सांगून गेलो होतो."

काकू काकांकडे वळल्या. काका खिडकीकडे वळले. आणि खिडकीतून सगळ्यांनाच दिसली ती पिवळी, नवी कोरी, चांगली लांब दोरी, आणि तिच्यावर ओळीने वाळत असलेले काकांचे शर्ट आणि दोन बनियन.

फोनवाल्याने टॉर्च बंद केला.

काकूंच्या तोंडचं वाक्य जिथल्या तिथे विरलं. "मला वाटलं..." त्या म्हणाल्या, "मला वाटलं, विसरलाय." मग प्लंबरकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "तुला उगीच बोलले रे."

"मला सांगितलं होतं त्याने," काकाही म्हणाले. "मी हो हो म्हटलं. त्याच वेळी कॅच सुटला."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या कबुलीवर काकूंनी काकांना महिनाभर सळो की पळो करून सोडलं असतं. पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं होतं. चहाची वेळ जवळ आली होती. वर तार नाही, खाली वायर नाही. तिकडे ताई आता फोनपाशी जाऊन बसणार, नंबर लावणार, रिंग वाजत राहणार, आणि आपण इथे जिवंत बसलेल्या असताना ती आपल्यासाठी रडणार. आपल्याच हाताने तोडली आपण ती तार, आपल्याच हाताने!

"फरशा फोडा," त्या म्हणाल्या. "लिंबू तोडायचं तर लिंबू तोडा."

यावर काका चक्क म्हणाले, "तोडा." काकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"टेन्शन घेऊ नका," प्लंबर म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्यापुढे त्याने आणखी काही जोडलं. "व्हॅक्यूम क्लीनर आहे का घरात? आणि बारीक दोरा? हलका पाहिजे, पण तुटायचा नाही असा. भरपूर लांब."

काकू आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काकू धावल्या. सांधेदुखी वगैरे विसरून धावल्या. खालचा खण ओढल्याचा आवाज आला आणि काकू दोन्ही हातांत नारळाएवढा गुंडा धरून परतल्या.

फोनवाल्याने गुंडा हातात घेऊन शंका काढली. "हा सगळा तुकड्यांचा दिसतोय. गाठ सुटली तर आत अडकेल."

"माझी गाठ आहे ती," काकू म्हणाल्या. एवढंच. फोनवाल्याने पुढे विचारलं नाही.

प्लॅस्टिकच्या पिशवीचा एक बोळा केला, पाइपात सैल बसेल असा. त्याला काकूंनी दोऱ्याचं टोक बांधलं. फाटकापाशी प्लंबर बोळा आत सोडून बसला, मांडीवर गुंडा. बैठकीत काकांनी व्हॅक्यूम क्लीनरची नळी पाइपाच्या तोंडाला लावली आणि बटण दाबलं. घरघर, घरघर. दोरा जागचा हलेना. "हवा गळतेय! ओला टॉवेल गुंडाळा!" फोनवाला ओरडला. काकूंनी पिवळ्या दोरीवरून काकांचा अर्धवट वाळलेला शर्टच ओढला आणि तोंडाभोवती आवळून बांधला. काकांनी शर्टकडे पाहिलं आणि बटणावर बोट ठेवलं.

पुन्हा बटण. आता आवाज बदलला, बारीक शिट्टीसारखा झाला. बाहेरून प्लंबर ओरडला, "चाललाय! चाललाय!" गुंडा त्याच्या मांडीवर उड्या मारायला लागला. पहिलं वळण गेलं. लिंबाच्या वळणावर दोरा थांबला. काकू पाइपापाशी गुडघे टेकून बसल्या आणि पाइपाच्या तोंडात बघून म्हणाल्या, "ये गं, ये, असं नको करूस." आणि फट् असा आवाज होऊन बोळा नळीच्या तोंडावर येऊन आदळला.

काका तर टाळ्या वाजवायला लागले. एवढ्या तर त्यांनी मॅचलाही वाजवल्या नव्हत्या.

मग शर्ट, बनियन सगळं खुर्च्यांवर गेलं आणि पिवळी दोरी खाली उतरली. ती काकूंनी कधी कापली नव्हती, म्हणून अखंड होती, हेही लक्षात घ्या. पांढऱ्या दोऱ्याने पिवळी दोरी ओढली, पिवळीने फोनची आणि केबलची वायर ओढली. प्रत्येक गाठ काकूंनी बांधली. एकही सुटली नाही. आणि शेवटी एक नवी दोरी फोनवाल्याने आत तशीच ठेवली, तिसऱ्या वायरीसाठी, आणि काकूंकडे रोखून पाहिलं.

"नाही हो लावणार हात," काकू म्हणाल्या.

चहाची वेळ कधीच टळून गेली होती. ताईची सून मोबाइल उचलत नव्हती. काकू फोनपाशी उभ्या राहिल्या, पदराचं टोक पिळत. भिंतीपाशी फोनवाला शेवटचे दोन तुकडे जोडत होता. त्याने डबीचं झाकण लावलं मात्र, आणि फोन खणखणला.

काकूंनी झडप घातली. "ताई! अगं, मी आहे गं, ती तार..."

"थांब, मधे बोलू नकोस," ताई म्हणाली. आवाजात रडण्याचा मागमूस नव्हता. चांगली खुशीत होती. "आत्तापर्यंत कशी शहाण्यासारखी ऐकत होतीस. किती वेळ बोलतेय मी, एकदासुद्धा मधे तोंड घातलं नाहीस. कधी नव्हे ते."

काकूंचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं. रिंग वाजत होती, आणि ताई त्या रिंगशी बोलत बसली होती.

"कुठे होते मी? हां. तू बाजारात हरवलीस."

चपलांचं दुकान काकूंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ओठ दातांखाली धरला.

"सापडलीस, ते काय सगळ्यांना ठाऊक आहे," ताई म्हणाली. "पण तुझा हात मी सोडला होता. रिबिनी बघायला. आई मला काही बोलली नाही, कोणीच बोललं नाही. मग मी काय करायची सांगू? तुला झोप लागली की तुझ्या मनगटाला दोरी बांधायची, दुसरं टोक माझ्या मनगटाला. तू उठायच्या आत सोडायची. कापायची नाही हं, एकच होती दोरी. तुला कधी कळलंच नाही. तू झोपेत लाथा मारायचीस, माझा हात ओढला जायचा. मग बरं वाटायचं. म्हणायची, आहे. इथेच आहे."

काकांनी टीव्ही लावला होता. चित्र लख्ख आलं होतं. "अगं, बघ तरी..." म्हणत ते वळले आणि काकूंचा चेहरा पाहून त्यांनी टीव्ही बंद केला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि काकू एक अक्षर बोलत नव्हत्या. प्लंबर आणि फोनवाला आपापलं सामान उचलून पाय न वाजवता बाहेर गेले.

"ऐकतेयस ना?" ताईने विचारलं.

"हं," काकू म्हणाल्या.

तिकडे ताईने फोन कानापासून दूर धरला. भांड्यांचा आवाज, सुनेचं काहीतरी बोलणं. मग ताई पुन्हा फोनवर आली, अगदी ताज्या उत्साहाने.

"काय गं, तू बाजारात हरवली होतीस, आठवतं?"

काकूंनी पायानेच खुर्ची जवळ ओढली आणि तिच्यावरचा ओला शर्ट बाजूला करून त्या बसल्या.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या. "सांग ना."